चेकसम जुळेना? आधी मीटर कुठे पळतंय ते बघा

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा निरोप कधी ना कधी पाहिलेला असतो: अमुक फाइलचा चेकसम अमुक हवा होता, निघाला तमुक. खाली चौसष्ट अक्षरांच्या दोन माळा, आणि काम तिथेच ठप्प. टूल अँसिबल असो, सॉल्ट, शेफ किंवा पपेट असो, शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच असतो.

हा बिघाड मुळात फुकटचा आहे. इंटरनेटवरून आणलेली फाइल अपेक्षेप्रमाणे नव्हती, टूलने ती नाकारली, जुनी फाइल जागेवर राहिली. कोणाचं काही गेलं नाही. पैसे जातात ते नंतर. कधी टूल तीच फाइल दिवसरात्र पुन्हा पुन्हा ओढत बसतं, कधी दोन माणसं अख्खी दुपार भलत्याच टोकाला शोधत बसतात, आणि कधी कोणीतरी 'तात्पुरती' म्हणून तपासणीच काढून टाकतो. दहा-वीस किंवा शे-दीडशे सर्व्हर चालवणाऱ्या, स्वतःची मोठी सुरक्षा टीम नसलेल्या कंपन्यांना यातला प्रत्येक प्रकार केवढ्याला पडतो, याचा हा हिशेब आहे. त्यासाठी नवं काहीही विकत घ्यायला लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणी या कारणासाठी महागडं लायसन्स सुचवत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दर अर्ध्या तासाचं मीटर

पपेटचा एजंट, आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर, दर ३० मिनिटांनी धावतो. शेफचा क्लायंट सेवा म्हणून चालवला तर त्याचीही ठरीव वेळ तेवढीच. फाइल जागेवर असेल आणि चेकसम जुळत असेल तर ही टूल्स डाउनलोडच्या फंदात पडत नाहीत. जुळत नसेल तर मात्र प्रत्येक फेरीत पूर्ण फाइल उतरवायची, मोजायची, नाकारायची, फेकून द्यायची, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. कोणी लॉग बघत नसेल तर हे आठवडे-महिने चालतं.

आकडे मांडून बघू. ६० सर्व्हर, १८० एमबीची एक फाइल. जावाचं एखादं जेडीके साधारण एवढं भरतं. एका फेरीत १०.८ जीबी, दिवसाच्या ४८ फेऱ्यांत ५१८ जीबी. आता कोणी म्हणेल, एडब्ल्यूएसवर बाहेरून आत येणारा डेटा तर फुकट असतो. असतो, पण तुमचे सर्व्हर खासगी सबनेटमध्ये असतील तर ते नॅट गेटवेतून बाहेर जातात, आणि नॅट गेटवे स्वतःतून गेलेल्या प्रत्येक जीबीवर, तो आत येणारा असला तरी, आकार लावतो. मुंबई रीजनमध्ये हा दर जीबीमागे ०.०५६ डॉलर आहे, शिवाय गेटवे नुसता उभा असल्याचे तासाला तेवढेच. दर बदलतात, तेव्हा तुमच्या खात्याच्या दरपत्रकावर एकदा खात्री करा. या दराने दिवसाला २९ डॉलर होतात. हिशेबापुरता डॉलर ९० रुपयांचा धरला तर दिवसाला सुमारे २,६०० रुपये, महिन्याला ७८ हजार, आणि १८ टक्के जीएसटी धरून ९२ हजारांच्या वर. इनपुट क्रेडिट मिळेल ते वेगळं. एका न जुळणाऱ्या चेकसमसाठी!

बिलात हे शोधायचं कुठे? वापराच्या तपशिलात मुंबईसाठी 'एपीएस३-नॅटगेटवे-बाइट्स' अशी ओळ असते. ती एखाद्या तारखेपासून अचानक उंचावून सपाट चालत राहिलेली दिसली, तर त्या तारखेला काय बदललं होतं ते गिट लॉगमध्ये बघा. बहुतेक वेळा कोणीतरी व्हर्जनचा आकडा वाढवलेला असतो.

म्हणून निदानाच्याही आधी फेऱ्या थांबवा. पपेटचा एजंट कारण लिहून बंद ठेवता येतो. ते कारण खरोखर लिहा, नाहीतर पुढच्या शिफ्टचा माणूस तो पुन्हा चालू करतो. शेफची सेवा थांबवा, सॉल्टचं वेळापत्रक रोखा किंवा कोडमधला नेमका तो एक तुकडा बाजूला काढा. अँसिबल आपण चालवल्याशिवाय धावत नाही, त्यामुळे तिथे हा धोका कमी. पण एखाद्याने पाइपलाइनमध्ये 'जमेपर्यंत प्रयत्न कर' अशी अट घातली असेल तर तिथेही मीटर पळतंच. न जुळणारा चेकसम पाच वेळा मोजल्याने जुळत नाही.

फाइलचा आकार बघा, कोड नंतर

इंजिनिअरचा वार्षिक खर्च १२ लाख आणि वर्षाचे कामाचे तास २,००० धरले तर तासाला ६०० रुपये पडतात. दोघं जण चार तास अडकले की ४,८०० रुपये गेले, आणि अडकलेलं डिप्लॉयमेंट वेगळं. हे तास बहुधा कोड वाचण्यात जातात. चूक कोडमध्ये असतेही, पण ती सापडते आलेल्या फाइलकडे बघून. नाकारलेली फाइल टूल सहसा ठेवत नाही, म्हणून त्याच सर्व्हरवरून, त्याच प्रॉक्सीतून, कर्लने ती हाताने उतरवा आणि तिचा आकार बघा. माझ्या मते निम्म्याहून अधिक उत्तर तिथेच मिळतं.

आकार शून्य असेल तर मुळात काही आलंच नाही. हे तर लॉगिन न करताही कळतं. रिकाम्या फाइलचा शा-२५६ नेहमी एकच असतो आणि तो 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो, एमडी५ असेल तर 'डी४१डी८सीडी' असा. निरोपात निघालेला चेकसम या अक्षरांनी सुरू होत असेल तर कोड उघडूच नका. प्रॉक्सी, डिस्कची जागा, तुटलेलं कनेक्शन यांच्याकडे बघा. या दोन सुरुवाती मॉनिटरला चिकटवून ठेवण्यासारख्या आहेत.

फाइल शेकडो एमबीची हवी होती आणि आली दहा-वीस केबीची? तर ती वेबपेज आहे. पहिल्या दोन ओळी बघा, एचटीएमएल दिसेल. ऑफिसच्या फायरवॉलचं 'ही साइट प्रतिबंधित आहे' हे पान असेल, खासगी रिपॉझिटरीचं लॉगिनचं पान असेल, किंवा ब्रॉडबँडवाल्याचं 'आपले बिल थकले आहे' हेही असेल. टूलच्या दृष्टीने सर्व्हरने २०० म्हणून उत्तर दिलं, म्हणजे डाउनलोड यशस्वी. पत्ता बदलल्यानेही हे होतं. २०२४ च्या अखेरीस सॉल्टचं स्वतःचं जुनं पॅकेज-कोठार बंद होऊन पॅकेजेस ब्रॉडकॉमच्या पत्त्यावर गेली. जुने पत्ते कोडमध्ये पक्के लिहून ठेवलेल्यांची तेव्हा धावपळ झाली. यातल्या प्रत्येकावरचा उपाय दहा-पंधरा मिनिटांचा आहे, फक्त फायरवॉलमध्ये अपवाद मागायचा असेल तर नेटवर्क विभागाच्या मेलची वाट पाहण्यात दोन दिवस जातात.

आकार बराचसा बरोबर पण थोडा कमी असेल तर डाउनलोड मध्येच तुटलं आहे. आणि आकार अपेक्षेपेक्षा तिप्पट-चौपट मोठा असेल? हा प्रकार फसवा आहे. काही वेब सर्व्हर जीझिप फाइल पाठवताना 'हा मजकूर वाटेत दाबलेला आहे' असा हेडर जोडतात, आणि घेणारं टूल भाबडेपणाने ती उलगडून ठेवतं. नाव तेच राहतं, आत मात्र नुसती टार फाइल उरते. 'फाइल' ही कमांड चालवली तर ती जीझिपऐवजी टार सांगते. अँसिबलच्या 'गेट यूआरएल' मॉड्यूलमध्ये २.१४ व्हर्जनपासून 'डीकॉम्प्रेस' नावाचं बटण आहे आणि ते मुळात चालू असतं. अशा सर्व्हरपुरतं ते बंद केलं की प्रश्न मिटतो.

स्क्रिप्ट किंवा कॉन्फिगसारखी मजकुराची फाइल असेल आणि आकारातला फरक बरोबर ओळींच्या संख्येइतका असेल, तर ती विंडोजवरून फिरून आली आहे. ओळीच्या शेवटी एकेक जादा अक्षर चिकटलेलं असतं. गिटच्या ओळ-शेवटाच्या सेटिंगचा हा प्रताप.

राहिला शेवटचा प्रकार: आकार बाइट-बाइट तोच, चेकसम वेगळा. इथे घाई करायची नाही. त्याकडे पुढे येतोच.

अपेक्षित आकडाच चुकीचा असतो तेव्हा

फाइल ठीक आहे असं दिसलं तर कोडमधल्या अपेक्षित चेकसमकडे वळा. आधी अक्षरं मोजा. एमडी५ ची ३२, शा-१ ची ४०, शा-२५६ ची ६४, शा-५१२ ची १२८. शेफचा 'रिमोट फाइल' फक्त शा-२५६ मानतो. त्याला प्रकाशकाच्या पानावरचा एमडी५ दिला तर तो जन्मात जुळणार नाही. पपेटमध्ये मोजण्याची ठरीव पद्धत ६ पर्यंत एमडी५ होती, ७ पासून शा-२५६ झाली. पद्धत स्पष्ट न लिहिता नुसता एमडी५ आकडा लिहिलेला जुना कोड अपग्रेडनंतर अडला तर कारण हे असू शकतं.

सगळ्यांत नेहमीची चूक साधी आहे. व्हर्जन एका फाइलमध्ये, चेकसम दुसऱ्या फाइलमध्ये. एकाने पहिला बदलला, दुसरा राहून गेला. दोन्ही शेजारी-शेजारी, एकाच नोंदीत ठेवा. या एका सवयीला पैसे पडत नाहीत.

दुसरी चूक पैसे वाचवायला निघाल्यावर होते. अनेक कंपन्या अलीकडे एडब्ल्यूएसचे एआरएम प्रोसेसरवाले, तुलनेने स्वस्त सर्व्हर घेतात. प्रकाशकाच्या चेकसमच्या यादीत एकाच व्हर्जनच्या पाच-सहा ओळी असतात: लिनक्स एएमडी६४, लिनक्स एआरएम६४, विंडोज वगैरे. नवा सर्व्हर एआरएमचा, फाइल एआरएमची आणि चेकसम जुन्या एएमडीचा! सॉल्टला पूर्ण यादीचा पत्ता देऊन नेमकी ओळ 'सोर्स हॅश नेम'ने दाखवता येते. अँसिबललाही चेकसमच्या जागी यादीचा पत्ता चालतो. मग हाताने आकडा चिकटवण्याची गरज उरत नाही. पण त्यात एक मेख आहे, ती सह्यांच्या विषयात सांगतो.

आकडा हाताने चिकटवायचाच तर वेबपेजवरून कॉपी करताना न दिसणारी अक्षरं सोबत येऊ शकतात. हा भ्रम नव्हे. अँसिबलच्या 'गेट यूआरएल'च्या कोडमध्ये अशी अक्षरं गाळणारी आणि सगळं लहान लिपीत आणणारी ओळ आहे, आणि तिच्यावरच्या टिपणीत शून्य रुंदीच्या स्पेसला 'कुप्रसिद्ध' म्हटलं आहे. ज्याने ते लिहिलं त्याने किती रात्री जाळल्या असतील कोण जाणे. बाकीची टूल्स इतकी सांभाळून घेतीलच असं नाही. पॉवरशेल हॅश मोठ्या लिपीत देतं, हेही ध्यानात असू द्या.

आणि सॉल्टवाल्यांसाठी एक खास जागा. बाहेरून आणलेल्या फाइली मिनियन आपल्या कॅशमध्ये, 'एक्स्टर्न फाइल्स' नावाच्या फोल्डरात ठेवतो. सगळं बरोबर असूनही एकच मिनियन हटून बसला असेल तर त्याची कॅश साफ करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रकाशकानेच फाइल बदलली तर

३० जानेवारी २०२३ ला जगभरात एकाच दिवशी असंख्य बिल्ड पडले. गिटहबवर कुठल्याही टॅगची टार किंवा झिप फाइल मागितली की ती त्या क्षणी तयार करून दिली जाते. गिटच्या २.३८ व्हर्जनमध्ये ही फाइल दाबण्याची पद्धत बदलली होती. आधी बाहेरचा जीझिप वापरला जाई, आता गिटचा स्वतःचा. गिटहबने ते व्हर्जन आपल्या यंत्रणेत आणलं आणि आतला कोड अक्षरशः तोच असताना बाहेरच्या फाइलचे बाइट बदलले. चेकसम लिहून ठेवलेल्या प्रत्येकाला 'जुळत नाही' मिळालं. बेझल आणि होमब्रू ही टूल्स वापरणाऱ्यांना हा फटका जास्त जाणवला. गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला.

आयत्या वेळी तयार होणाऱ्या या फाइलींवर चेकसम बांधू नका. त्याऐवजी त्या प्रकल्पाने रिलीजमध्ये स्वतः चढवलेली फाइल घ्या. ती प्रत्येक वेळी नव्याने बनत नाही. जून २०२५ पासून गिटहब अशा फाइलींचा शा-२५६ स्वतःच दाखवतं. प्रकल्पाने फाइल चढवलेलीच नसेल तर एकदा उतरवून स्वतःच्या कोठारात ठेवा.

'लेटेस्ट' असा शब्द असलेल्या लिंकची कथा वेगळी नाही. लिंक तीच, आतली फाइल दर महिन्याला नवी. अशा लिंकला चेकसम लावणं म्हणजे पुढच्या रिलीजच्या दिवशी रात्री फोन वाजण्याची सोय करून ठेवणं. नेमक्या व्हर्जनची लिंक द्या. मिररवरून घेत असाल तर नवी फाइल आणि नवी चेकसम यादी यांच्यात काही तासांचं अंतर पडू शकतं. तिथे चहा पिऊन थांबणं हाच सर्वांत स्वस्त उपाय.

तीन ठिकाणी मोजा

आता तो राखून ठेवलेला प्रकार: आकार तोच, आकडा वेगळा, आणि प्रकाशकाने काही बदलल्याची नोंद नाही. फाइल तीन ठिकाणी उतरवा. एक त्या सर्व्हरवर, दुसरी ऑफिसच्या मशीनवर, तिसरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. लिनक्सवर 'शा२५६सम', मॅकवर 'शासम', विंडोजवर 'सर्टयुटिल' किंवा पॉवरशेलची 'गेट-फाइलहॅश' ही कमांड. सगळ्या फुकट, त्या त्या सिस्टिमसोबत आलेल्या. खर्च हॉटस्पॉटच्या डेटाचा तेवढा.

तिन्ही एकमेकांशी जुळले पण प्रकाशकाच्या आकड्याशी नाही, तर फाइल उगमाशीच बदलली आहे. फक्त सर्व्हरवरची वेगळी असेल तर बहुधा वाटेतल्या प्रॉक्सीने जुनी प्रत दिली आहे. हेडरमध्ये वय आणि कॅशची ओळ बघा. प्रत्येक वेळी नवाच आकडा निघत असेल तर एकतर फाइल मागणीनुसार बनते आहे, नाहीतर मेमरी किंवा डिस्क खराब आहे. हे दुर्मिळ आहे, पण जुन्या हार्डवेअरवर होतं.

उगमाशी बदललेली फाइल म्हणजे लगेच चोरी नव्हे. प्रकाशक काही वेळा मुकाट्याने फाइल पुन्हा चढवतात, ती वाईट सवय आहे. पण उत्तर मिळेपर्यंत ती सर्व्हरवर जाऊ द्यायची नाही. प्रकाशकाला विचारायला एक ईमेल पुरतो.

दोन फुकटचे उपाय, सर्वांत महाग

अडलेल्या रात्री दोन वाटा खुणावतात. पहिली म्हणजे तपासणीच बंद करणं: सॉल्टमध्ये 'स्किप व्हेरिफाय', बाकीच्यांत चेकसमची ओळच काढून टाकणं. दुसरी जास्त सभ्य दिसते. निरोपात 'निघालेला' आकडा दिलेलाच असतो, तो उचलून 'अपेक्षित'च्या जागी चिकटवायचा. कोडमध्ये चेकसम दिसतो, पुनरावलोकन करणाराही मान डोलावतो. पण जी फाइल आली तिलाच विचारून तू बरोबर आहेस का हे ठरवलंत, म्हणजे तपासणी झालीच नाही. मला दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. पहिला निदान शोधल्यावर सापडतो.

कोडकव्ह या कंपनीचं प्रकरण या जागी आठवावं असं आहे. तिची 'बॅश अपलोडर' नावाची स्क्रिप्ट हजारो कंपन्यांच्या बिल्डमध्ये थेट इंटरनेटवरून ओढून चालवली जायची. ३१ जानेवारी २०२१ पासून हल्लेखोराने ती अधूनमधून बदलली. बिल्डमधल्या गुप्त चाव्या, पासवर्ड, टोकन बाहेरच्या एका सर्व्हरकडे जाऊ लागले. दोन महिने कोणाला पत्ता नव्हता. १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम गिटहबवर छापलेल्या चेकसमशी ताडून पाहिला. जुळला नाही. त्याने तो आकडा पुढे चिकटवला नाही, कंपनीला कळवलं. १५ एप्रिलला कोडकव्हने प्रकार जाहीर केला. चेकसम त्या दोन महिन्यांत सगळ्यांसाठी उपलब्ध होता, तो ताडून बघणारे मात्र नव्हते.

याचे पडसाद कुठवर गेले बघा. टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्पची, रिलीजच्या चेकसम याद्यांवर सही करण्याची खासगी चावी यात उघडी पडली. गैरवापराचा पुरावा मिळाला नाही, तरी त्यांनी चावी बदलली. म्हणजे हॅशिकॉर्पच्या सह्या इमानदारीने तपासणाऱ्या इतरांनाही आपापल्या कोडमध्ये नवी चावी बसवावी लागली. त्या माणूस-तासांचं बिल कोणाला पाठवणार?

तुमच्या कंपनीत असं झालं तर खर्च कशाकशाचा येईल? त्या बिल्डला दिसणारी प्रत्येक चावी, डेटाबेसचा प्रत्येक पासवर्ड बदलणं, त्यासाठी सेवा थोड्या वेळासाठी बंद ठेवणं, ग्राहकांना कळवणं. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे, आणि १८० दिवसांचे लॉग देशाच्या हद्दीत ठेवलेले असावे लागतात. कळवायला शुल्क नाही. लॉग ठेवलेले नसतील तर मात्र पंचाईत.

सही, आणि तिची मर्यादा

मघाची मेख अशी. चेकसमची यादी आणि फाइल एकाच सर्व्हरवर असतील तर तिथे घुसलेला माणूस दोन्ही बदलू शकतो. वाटेतला बिघाड अशी यादी पकडते, उगमावरचा घात पकडत नाही. म्हणून यादीवर जीपीजीची सही असेल तर ती तपासा. प्रकाशकाची चावी एकदा, वेगळ्या मार्गाने खात्री करून, आपल्या रिपॉझिटरीत ठेवायची. पहिल्यांदा अर्धा-एक तास लागतो, नंतर ते आपोआप होतं. एमडी५ आणि शा-१ वर नवं काही बांधू नका. एमडी५ ची टक्कर २००४ मध्ये दाखवली गेली, शा-१ ची फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने. वाटेत तुटलेलं डाउनलोड पकडायला ते अजून चालतात, पण शा-२५६ ला एक पैसाही जास्त पडत नसताना ते का वापरायचे?

सहीलाही हद्द आहे. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेल्या प्रकरणात एक्सझेड या कॉम्प्रेशन टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनमध्ये चोरदरवाजा खुद्द देखभाल करणाऱ्यानेच घातला होता. तिथे चेकसमही जुळत होता, सहीही.

कायमची सोय केवढ्याला

बाहेरच्या प्रत्येक फाइलची एक तपासलेली प्रत आपल्या कोठारात ठेवणं, आणि सर्व्हरांनी ती तिथूनच घेणं, हा यावरचा टिकाऊ उपाय. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये एस३ स्टँडर्डचा दर महिन्याला जीबीमागे ०.०२५ डॉलर आहे. ५० जीबी इन्स्टॉलर ठेवले तर सव्वा डॉलर, म्हणजे महिन्याला ११२ रुपयांच्या आसपास, अधिक जीएसटी. विनंत्यांचं शुल्क इतकं किरकोळ की धरलं नाही तरी चालेल. एस३ साठीचा गेटवे एंडपॉइंट फुकट आहे आणि तो लावला की ही वाहतूक नॅट गेटवेतून जातच नाही. वरच्या उदाहरणातले ७८ हजार आणि हे ११२ रुपये शेजारी मांडून साहेबांना दाखवा, मंजुरी लवकर मिळते. क्लाउडवर नसाल तर ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर एंजिनएक्स बसवला तरी पुरे.

खरा खर्च माणसाचा आहे: कोणीतरी नवं व्हर्जन आणायचं, सही तपासायची, कोठारात टाकायचं, आकडा कोडमध्ये बदलायचा. महिन्याला तीन-चार तास धरा, वरच्या दराने अठराशे ते चोवीसशे रुपये.

टूलच्या लायसन्सचं म्हणाल तर अँसिबलचा गाभा आणि सॉल्ट मुक्त आहेत. शेफचा कोड खुला असला तरी कंपनीने बनवलेली तयार पॅकेजेस २०१९ पासून व्यावसायिक लायसन्सखाली येतात. त्याच कोडवरून बनलेलं सिंक फुकट मिळतं. पपेटच्या बाजूने तशीच सोय २०२५ पासून ओपनव्हॉक्सची आहे.

एएमसी करताना विचारायचं

सर्व्हर बाहेरच्या एजन्सीकडे सांभाळायला दिले असतील तर कोटेशनवर सही करण्याआधी बाहेरच्या लिंक बदलल्याने आलेला बिघाड एएमसीत धरलाय की प्रत्येक वेळी वेगळा आकार लागणार, हे लेखी घ्या. बहुतेक करारांत यावर एक शब्द नसतो आणि मग रात्रीच्या कामाचं बिल 'इमर्जन्सी' म्हणून येतं. बिघाड मिटवल्यावर कारण लेखी मिळेल का, तेही विचारा. त्यात अपेक्षित आकडा, निघालेला आकडा, फाइलचा आकार आणि नवा आकडा कुठून घेतला, एवढ्या चार गोष्टी हव्यात. 'चेकसमचा इश्यू होता, सॉल्व्ह केला' हे कारण नव्हे.

करार आधीच झालेला असेल तर कोडमध्ये 'स्किप व्हेरिफाय' शोधून बघा, आणि चेकसम नसलेल्या डाउनलोडच्या नोंदी वेगळ्या काढा. जितक्या सापडतील तितक्यांचं कारण एजन्सीला विचारा. प्रत्येक जागी चेकसम बसवायला काही मिनिटंच लागतात. त्यासाठी जादा बिल लावलं तर देऊ नका.